कढई कोणाची

१८३९ सालच्या १० जानेवारीला लंडनमध्ये आसामच्या चहाच्या आठ पेट्यांचा लिलाव झाला. पौंडाला सोळापासून चौतीस शिलिंगांपर्यंत भाव गेला आणि कॅप्टन पिडिंग नावाच्या एकाच गृहस्थाने आठही पेट्या उचलल्या. एवढे पैसे त्याने चवीसाठी मोजले असतील असं मला वाटत नाही. चीनखेरीज दुसरीकडे, तेही आपल्या राज्यात, चहा होतो या नवलाईचे ते पैसे होते. पुढच्या वर्षी जास्त पेट्या आल्या आणि भाव बराच उतरला.

माझं लक्ष मात्र त्या पेट्यांतल्या पानांवर आहे. ती मुळात जंगलातल्या झाडांची होती. आज आसामचा चहा म्हटलं की कंबरेइतकी छाटलेली झुडपं आणि पाठीवर टोपली घेतलेल्या बायका दिसतात. तसले मळे तेव्हा उभे राहायचे होते. ब्रह्मपुत्रेच्या वरच्या खोऱ्यात, बुढी दिहिंगच्या आजूबाजूच्या रानात, चहाच्या झाडांचे पट्टे आपोआप वाढलेले होते. तिथली पानं खुडली, चिनी कारागिरांकडून भाजून-वळवून घेतली, पेट्या होड्यांतून कलकत्त्याला आणि तिथून जहाजाने विलायतेला गेल्या. या झाडांची ओळख इंग्रजांना सिंगफो लोकांकडून झाली. त्यांच्या घरात हा चहा होतच होता.

हे मी वाचलं नंतर. आधी तो चहा प्यायले.

नवऱ्याची नोकरी तेलाच्या कंपनीत, म्हणून लग्नानंतर सांगलीहून उठून आम्ही दिगबोईला गेलो. मी तिथल्या एका शाळेत इतिहास शिकवायची. ते आसाम आंदोलनाचे दिवस. आज बंद, उद्या हरताळ. शाळा कधी भरेल याचा नेम नसे आणि रिकाम्या दिवसांत मुलींच्या घरी जाणं-येणं वाढलं. माझ्या वर्गातली एक सिंगफो मुलगी एकदा मला मार्गेरिटाच्या पुढे, लेडोच्या बाजूला, तिच्या आजोळी घेऊन गेली. सिंगफो म्हणजे ब्रह्मदेशात ज्यांना काचिन म्हणतात आणि चीनमध्ये जिंगपो, तेच लोक. पाटकाईच्या अलीकडे, आजच्या तिनसुकिया जिल्ह्यात आणि लगतच्या अरुणाचलात त्यांची गावं आहेत. घर खांबांवर उचललेलं, बांबूचं. आसामीत त्याला चांगघर म्हणतात. मध्ये चूल, चुलीवर टांगलेली बांबूची मांडणी, तिच्यावर सुकत घातलेले मासे आणि काजळी बसून काळी झालेली बांबूची नळकांडी.

मुलीच्या आजीने (तिकडे आजीला आईता म्हणतात, मीही तेच म्हणू लागले) त्यातलं एक नळकांडं काढलं आणि दाओने, म्हणजे तिकडच्या कोयत्याने, उभं फोडलं. आत पानांचा घट्ट, काळपट दांडा निघाला. त्याची सुपारीच्या खांडाएवढी चकती कापून तिने उकळत्या पाण्यात टाकली. दूध नाही, साखर नाही. कपात आला तो सोनेरी-तांबूस रंगाचा काढा. धुराची चव, आणि गिळल्यावर जिभेवर उरणारा किंचित गोडवा. आईता काहीतरी बोलली आणि घर हसलं. मुलीने भाषांतर केलं (बाइदेउ म्हणजे ताई, तिकडे शिक्षिकेला तसंच म्हणतात), "बाइदेउ, ती म्हणतेय, पाहुणीला गुळाचा खडा द्या, औषध प्यायल्यासारखं तोंड करतेय." मी खडा घेतला नाही. त्याच चकतीचा दुसरा चहा झाला, तिसराही झाला, आणि मला विचाराल तर दुसरा पहिल्याहून चांगला होता.

या चहाचं नाव फालाप. तो कसा करतात हे आईताने मला वैशाखात बोलावून दाखवलं. बरदैचिला म्हणजे बिहूच्या आधीचं वादळ येऊन गेलं होतं, पहिला पाऊस झाला होता आणि झाडांना कोवळी पालवी फुटली होती. झाडं म्हणतेय मी, झुडपं नव्हे. चहाला छाटलं नाही तर त्याचा चांगला दोन-तीन पुरुष उंचीचा वृक्ष होतो. आसामी जातीचं जून पान वीतभर लांबीचं असतं. आपण पुडीतल्या भुकटीवरून त्याची कल्पनाच करू शकत नाही. मुलं फांदीवर चढून शेंडे खाली टाकत होती आणि आईता त्यातला कोंब आणि दोन पानं तेवढी ठेवत होती.

पानं थोडी उन्हात मऊ पडू दिली. मग लोखंडी कढई तापवून त्यात हाताने खालीवर करत भाजली. कढईत पडल्या पडल्या पानं तडतडतात, वाफ सुटते आणि हुरड्याच्या आगटीशी येतो तसा कोवळा-करपट वास घरभर होतो. देठ वाकवला आणि मोडला नाही म्हणजे झालं. खाली उतरवून तळव्यांनी मळली, रस सुटून बोटं चिकट झाली. पुन्हा ऊन, रात्री दव, पुन्हा ऊन. दवात कशाला ठेवायची म्हणून मी विचारलं, तर पानं फार कडक झाली की बांबूत भरताना चुरा होतो, हे उत्तर मिळालं. शेवटी हिरव्या बांबूच्या पेरात पानं भरायची, काठीने ठेचत ठेचत, आणि तो बांबू विस्तवावर फिरवत राहायचा. तोंड पानाने बांधून चुलीवरच्या मांडणीवर ठेवला की काही महिने विसरून जायचं. हवा तेवढा काळ टिकतो.

दिगबोईच्या क्लबातल्या ग्रंथालयात जुन्या अहवालांचं एक पुनर्मुद्रण होतं. त्यात मला चार्ल्स अलेक्झांडर ब्रूस भेटला, आणि त्याने १८३०च्या दशकात लिहून ठेवलेली सिंगफो लोकांची रीत वाचून मी पान उलटायची थांबले. कोवळी पानं खुडणं, थोडं ऊन, कुणी तीन दिवस दव आणि ऊन आलटून पालटून, कुणी तापल्या कढईत परतणं, मग बांबूत ठासून भरणं, विस्तवावर फिरवणं, धुरात टांगणं. दीडशे वर्षांत आईताच्या घरी एकही पायरी बदललेली नव्हती. आणखी पूर्वेकडे पानं उकडून, खड्ड्यात पुरून आंबवतात, असंही त्याने नोंदवलंय. ब्रह्मदेशात तसा आंबवलेला चहा आजही लोक खातात.

हा चार्ल्स ब्रूस म्हणजे धाकटा भाऊ. थोरला रॉबर्ट, व्यापारी आणि थोडा साहसी गडी, १८२३ साली रंगपूरला म्हणजे आजच्या शिवसागरजवळ आला होता. सिंगफोंचा प्रमुख बिसा गाम याच्याशी त्याची गाठ पडली आणि चहाची रोपं-बिया द्यायचं ठरलं. त्याला ही वाट मणिराम दत्त बरुआने दाखवली असं आसामात सांगतात. रॉबर्ट थोड्याच काळात वारला. ब्रह्मी युद्धात चार्ल्स होड्यांच्या तुकडीवर होता, त्याने बिसा गामकडून रोपं आणि बी मिळवलं, काही सदियाला आपल्या बागेत लावलं, काही गुवाहाटीला कंपनी सरकारचा अधिकारी डेव्हिड स्कॉट याच्याकडे पाठवलं. स्कॉटने पानं कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात नॅथॅनियल वॉलिककडे धाडली. वॉलिक त्या काळचा नावाजलेला वनस्पतितज्ज्ञ. त्याने निकाल दिला की हा कॅमेलिया आहे, चहा नव्हे. (गंमत अशी, की १८८७ साली चहाचंच शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस झालं. वॉलिक चुकला तो अर्धाच.)

इथे मला त्याचा राग येतो. नुसत्या पानावरून जात ठरवता येत नाही, फूल-फळ हवं, ही त्याची अडचण मी समजू शकते. पण त्या पानांचा काढा करून लोक पितात ही बातमी वरच्या आसामातून पुढेही येत होती. सदियाला असलेल्या लेफ्टनंट चार्ल्टनने ती कळवली होती. स्वयंपाकघरात जो पुरावा रोज उकळत होता तो कुणी पुरावा म्हणून धरला नाही. १८३३ला ईस्ट इंडिया कंपनीची चीन व्यापारातली मक्तेदारी गेली, तेव्हा तिच्या पोटात गोळा आला आणि १८३४ला गव्हर्नर जनरल बेंटिंकने चहा समिती नेमली. समितीने काय करावं? आपला चिटणीस गॉर्डन याला बी आणि कारागीर आणायला चीनला पाठवलं! त्याच वर्षी चार्ल्टनने फळांसकट नमुना पाठवला आणि २४ डिसेंबरला समितीने सरकारला कळवलं की वरच्या आसामात चहा मूळचाच आहे.

तरी चीनचा मोह सुटला नाही. वॉलिक, ग्रिफिथ आणि मॅक्लेलंड हे तिघे तज्ज्ञ १८३५-३६ला आसामात हिंडले आणि भांडत परतले. ग्रिफिथचं मत होतं की रानातलं झाड रानटी, मळ्यासाठी चिनी रोपच हवं. चिनी रोपं आली, त्यातली बरीचशी वाटेत मेली, जी जगली त्यांचा संकर रानातल्या झाडांशी झाला, आणि पुढच्या पिढीच्या मळेवाल्यांनी त्या संकराच्या नावाने बोटं मोडली. त्यांना देशी जातच हवी होती.

रानटी म्हणावं का तिला, हा प्रश्न मात्र खरा आहे. चहाची झाडं सगळीकडे सारखी विखुरलेली नव्हती. ओढ्याकाठी, सावलीत, पट्ट्यापट्ट्याने वाढलेली सापडत. ब्रूसने आपल्या अहवालात असे सव्वाशेच्या आसपास पट्टे सांगितले आहेत. जुनी वस्ती उठून गेलेल्या जागी माणसांनी लावलेली झाडं रान माजून राहिली असतील, अशीही शक्यता सांगतात. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतून आसामची जात युनानच्या मोठ्या पानाच्या जातीपेक्षा वेगळ्या वाटेने माणसाळलेली दिसते. माणसाळलेली, म्हणजे कुणीतरी माणसाळवली. माझ्या बंगल्यामागेही एक उंच झाड होतं. ते रानातलं की एखाद्या जुन्या बीज-बारीतलं, म्हणजे बियांसाठी न छाटता वाढू दिलेलं, हे माळ्यालाही सांगता येत नव्हतं. पानं मी त्याचीच खुडायची.

चिनी कारागीर आले ते काळ्या चहाचे. हिरवा चहा करणारे नंतर आले, कारण तेव्हा हे दोन धंदे वेगळे मानले जात. एकाच पानाचे दोन्ही होतात. पान खुडून मळून ठेवलं की हवेशी रस मिळून ते काळं पडतं, कापलेलं वांगं पडतं त्याच कारणाने. आधीच कढईत तापवलं की ती क्रिया थांबते आणि पान हिरवं राहतं. घरी करायला हिरवाच सोपा. ब्रूसने या चिनी कारागिरांची सगळी रीत बारकाईने लिहिली आहे: टोपल्या, चाळण्या, कढया, किती वेळ, कोणता विस्तव. त्यात एक उल्लेख असा की परदेशी बाजारात जाणाऱ्या हिरव्या चहाला शेवटच्या कढईत जिप्सम आणि नीळ यांची वस्त्रगाळ पूड लावत, रंग खुलावा म्हणून. विलायतेत हिरवा म्हणून जो पीत होते त्यात थोडी धोब्याची नीळ होती. सिंगफो घरातल्या फालापला रंगाची फिकीर नव्हती, तो धुराने काळाच व्हायचा.

ब्रूसला पट्टे मिळाले ते सिंगफो आणि त्यांच्या शेजारच्या मटक लोकांच्या प्रमुखांशी गोडीगुलाबीने वागून. ही गोडी टिकणार नव्हती. १८३८च्या पडीक जमिनीच्या नियमांनी चहासाठी मोठमोठे तुकडे नाममात्र साऱ्यावर द्यायचं ठरवलं. तुकडा एवढा मोठा की स्थानिक शेतकऱ्याच्या आवाक्यात यावा कसा? १८३९ला आसाम कंपनी निघाली. आपल्या मुलखात परक्यांचा हा शिरकाव आणि गुलामांची सुटका यांनी सिंगफो बिथरले. १८४३ला त्यांनी उठाव केला आणि तो मोडला गेला. बी देणारा बिसा गाम कैदेत गेला.

मणिरामचं काय झालं ते आसामात शाळकरी पोरही सांगतं. आसाम कंपनीत तो नाझिराला दिवाण होता, पगार दोनशे रुपये. काम शिकला, नोकरी सोडली आणि स्वतःचे मळे काढले, जोरहाटजवळ सिनामराला आणि सेंगलुंगला. भारतीय माणसाने चहाचा मळा काढायची ही पहिली वेळ. १८५७च्या धामधुमीत अहोम राजाला परत गादीवर बसवायचा कट केला या आरोपाखाली त्याला २६ फेब्रुवारी १८५८ रोजी जोरहाटला फाशी दिलं आणि मळे लिलावात इंग्रज मळेवाल्याकडे गेले. वर्गात हा धडा शिकवताना मी मुलींना विचारायची, त्याने नोकरी सोडली नसती तर? एकीने उत्तर दिलं, "बाइदेउ, मग तो पेन्शन घेऊन मेला असता." याला मी पूर्ण मार्क दिले होते.

मळ्यांत खुडायला छोटा नागपूर, ओडिशा, तेलुगू मुलखांतून माणसं करारावर आणली आणि करार मोडला तर कायद्याने शिक्षा ठेवली. पान आता मळ्याचं, कढईच्या जागी कारखान्यातली यंत्रं. मजूर वस्तीत मी काळा चहा मीठ घालून प्यायले आहे आणि कोवळी पानं कांदा-मिरची-बटाट्याबरोबर चुरून केलेला चोखाही खाल्ला आहे. तो चोखा उत्तम लागतो. चहाच्या पानाचं घरगुती काही उरलं ते असं.

आपल्याकडे महाराष्ट्रात चहा आला तो तयार होऊन, पेटीतून. त्यामुळे पान कसं खुडतात, कोण भाजतं, हा प्रश्न आपल्याला कधी पडलाच नाही. आपला प्रश्न तो कुणाच्या हातचा घ्यायचा, एवढाच. १८९०च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, गोपाळराव जोशांनी उपस्थितांची नावं छापून आणली आणि टिळक-रानड्यांपर्यंत सगळ्यांना ग्रामण्याला, म्हणजे जातीच्या बहिष्काराला, तोंड द्यावं लागलं. कप कोणी पुढे केला यावर पुण्यात वर्षानुवर्षं खल झाला. चाळीसेक वर्षांनी आसामात अमगुरीच्या मळ्यावर पान चिरडून, फाडून, गोळी वळणारं सीटीसी यंत्र निघालं. कडक, झटपट रंग सोडणारा, दूध पेलणारा जो चहा आज आपल्या टपऱ्यांवर उकळतो तो त्या यंत्राचा.

मी सांगलीला परतल्यावर हिरव्या चहाची फॅशन आली. मैत्रिणी दोरीच्या पिशव्या कपात बुडवून, वजन कमी होणार या आशेने, आईताच्या भाषेत औषध प्यायल्यासारखं तोंड करून पितात. मी त्यांना सांगते, उकळतं पाणी ओतू नका, त्यानेच कडू होतो. जरा निवू द्या, दोन-तीन मिनिटांत पानं काढा. आसामी पान कॅफिनलाही जबर असतं आणि तुरटपणालाही, चिनी पानाइतकं ते क्षमाशील नाही. फालापला हे लागू नाही, तो बेलाशक उकळावा.

ज्यांच्याकडे झाड आहे त्यांना घरी करायला फक्त धीर लागतो. कोंब आणि दोन पानंच घ्या, तिसरं घेतलंत तर चोथा. बिडाची कढई चांगली तापलेली, पानं एका वेळी ओंजळभरच. जास्त टाकली तर भाजण्याऐवजी उकडतात आणि पालेभाजीचा वास येतो. मळणं कढई उतरवून. मग मंद आचेवर पुन्हा, कुरकुरीत होईपर्यंत. चार-साडेचार किलो ओल्या पानाचा किलोभर चहा होतो, तेव्हा एका झाडाच्या एका खुडणीत डबा भरेल या भ्रमात राहू नका. दिगबोईला मी केलेला चहा आमच्या घरात फक्त मीच प्यायची. नवऱ्याला तो गवताचं पाणी वाटायचा, आणि ते त्याने शेवटपर्यंत लपवलं नाही.

त्या विद्यार्थिनीशी अजून फोनवर बोलणं होतं. आजोळच्या जमिनीवर आता तिच्या मामेभावांनी चहा लावलाय, छाटलेला, ओळीत. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आसामात असे छोटे चहा उत्पादक फार वाढले. राज्याचा जवळजवळ निम्मा चहा आता त्यांच्या पानांतून होतो. पण हे लोक ओलं पान विकतात. सकाळी खुडलेलं पान संध्याकाळपर्यंत कारखान्यात पोचलं नाही तर वाया जातं, त्यामुळे कारखाना जो भाव देईल तो घ्यावा लागतो, आणि पावसाळ्यात पानं भरमसाट येतात तेव्हा खुडण्याची मजुरीही त्यातून सुटत नाही. म्हणून काही जणांनी घरी कढया मांडल्यात. हाताने भाजलेला हिरवा चहा, आणि सिंगफो घरांतून बांबूचा फालाप, पाकिटात भरून दूर दूर जातो. मामेभावांतला थोरला अजून बेतात आहे. यंदा भाव पडला तर आम्हीही कढई घेऊ, असं तो म्हणतो. किती मोठी घ्यावी, हे त्याने माझ्याकडून विचारून घ्यायला सांगितलंय.